स्टेनलेसचे एवढे ग्रेड आले कुठून?

३०४, ३१६, ४३० असे आकडे बघून माणूस गोंधळतो, पण यातल्या बऱ्याच ग्रेडमागे आधीचं स्टील कुठंतरी कमी पडल्याची गोष्ट आहे.

१८२१ मध्ये फ्रान्सच्या पिएर बर्तिएला दिसलं होतं की लोखंडात क्रोमियम मिसळलं की ॲसिड त्याला फारसं खात नाही, सुऱ्याबिऱ्या करायला वापरा असंही त्यानं सुचवलं, पण त्या काळच्या मिश्रधातूत कार्बन फार असायचा, ठिसूळ व्हायचं, मग विषय तिथंच अडला. पुढे १८९२ मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट हॅडफिल्डनं टेस्ट घेतली ती सल्फ्युरिक ॲसिडमध्ये, आणि निष्कर्ष काय तर क्रोमियममुळे स्टील उलट जास्त गंजतं! स्टीलला वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा थर, जेमतेम काही नॅनोमीटरचा, ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळाला की परत धरतो, पण त्या ॲसिडमध्ये तो टिकतच नाही. मला हा किस्सा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आजही लोक 'हे स्टील गंजतं का' एवढंच विचारतात, कशात वापरणार ते सांगतच नाहीत.

१९१२ मध्ये जर्मनीत क्रुप कंपनीनं क्रोमियम-निकेलवाल्या स्टीलचं पेटंट घेतलं. १९१३ मध्ये इंग्लंडात शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजतात त्यावर उपाय शोधत होता, त्यातून १२.८ टक्के क्रोमियमचं स्टील निघालं आणि ते गेलं सुऱ्या-काट्यांकडे. त्याला धार छान लागते, गंजाला मात्र ते निकेलवाल्याइतकं पुरत नाही. १९२४ च्या सुमारास तिथंच विल्यम हॅटफिल्डनं (मघाचा हॅडफिल्ड वेगळा) १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल हे माप बसवलं, आजचं ३०४ त्याच घरातलं.

मग वेल्डिंगनं नवीन दुखणं काढलं. जोडाशेजारचा भाग तापला की कार्बन क्रोमियमला ओढून घेतो आणि नेमकी तीच पट्टी गंजते. त्यावर ३२१ मध्ये टायटॅनियम घातलं, पुढे ३०४एल मध्ये कार्बनच ०.०३ टक्क्यांवर आणला. मिठाच्या पाण्यातल्या क्लोराइडनं बारीक खड्डे पडतात, त्यासाठी ३१६ मध्ये २-३ टक्के मॉलिब्डेनम.

२०० सीरिज (२०१, २०२ वगैरे) आली ती निकेल वाचवायला, त्यात बरंचसं काम मँगनीज करतं, पण क्रोमियमही सहसा कमी असतं, म्हणून गंज लवकर पकडतो. आणि चुंबक लावून ३०४ ओळखणाऱ्यांनो, २०० सीरिजलाही चुंबक सहसा चिकटत नाही.