फवाऱ्याआधी भिंग

फांदीवर तपकिरी खवले दिसतात. फवारणी होते. आठ दिवसांनी पाहावे तर खवले जागच्या जागी. मग औषधाची मात्रा दुप्पट होते, पुन्हा फवारणी आणि पुन्हा तेच. इथे दोन गोष्टी ध्यानात घेतलेल्या नसतात. पूर्ण वाढलेली खवले कीड मेणचट कवचाखाली बसलेली असते आणि अंगाला लागून मारणारे औषध त्या कवचाच्या आत जातच नाही. शिवाय मेलेला खवलाही महिनोन्‌महिने सालीला चिकटून राहतो. म्हणून आधी नखाने आठ-दहा खवले उचकटून पाहावेत. आत ओलसर, पिवळट रस निघाला तर कीड जिवंत आहे. कोरडा भुगा निघाला तर ती कधीच संपली आहे आणि फवारणीचे कारणच उरलेले नाही.

प्रत्येक किडीच्या आयुष्यात काही दिवस असे येतात की ती उघडी पडते. ते दिवस साधले तर साबणाचे पाणी पुरते. हुकले तर जालीम विषही वाया जाते. बागेतल्या झाडाझुडपांच्या रक्षणात ‘कोणते औषध’ या प्रश्नाला म्हणूनच फार उशिरा महत्त्व येते. कीड कोणती आहे आणि आत्ता कोणत्या अवस्थेत आहे, हे आधी कळायला हवे.

खवले किडीसाठी ते दिवस म्हणजे अंड्यांतून पिल्ले बाहेर पडण्याचे. पिल्ले टाचणीच्या टोकाहून लहान, पिवळी किंवा नारिंगी असतात आणि जागा शोधत फांदीवर हिंडतात. एकदा सोंड सालीत खुपसली की कवच चढू लागते. हा काळ ओळखण्याची सोपी युक्ती आहे. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पारदर्शक टेप किडलेल्या फांदीभोवती एक वेढा गुंडाळावी, दर आठवड्याला ती काढून भिंगाखाली पाहावी आणि नवी लावावी. टेपवर रंगीत ठिपके अडकू लागले की फवारणीची वेळ झाली. सगळी अंडी एका दिवशी फुटत नाहीत, म्हणून दहा-बारा दिवसांनी दुसरी फवारणी लागतेच.

पाहणी कशी करावी

दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक पांढरा कागद आणि आठवड्यातून एक फेरी एवढे पुरेसे आहे. पान वरून पाहण्यात अर्थ नाही; उलटून पाहायचे, कारण रस शोषणाऱ्या बहुतेक किडी खालच्या बाजूला असतात. कोवळे शेंडे, फांद्यांच्या बेचक्या आणि खोडाचा मातीलगतचा भाग या तीन जागा कधी सोडू नयेत. कागदावर फांदी जोरात झटकली की चालणारे ठिपके पडतात. लांबट आणि चपळ असतील तर ते फुलकिडे. गोलसर, आठ पायांचे असतील तर कोळी, म्हणजे जाळ्यातला मोठा कोळी नव्हे, तर पानांचा रस शोषणारा बारीक कोळी. हा भेद करावाच लागतो, कारण कोळी हा कीटक नाही. अनेक कीटकनाशके त्याला मारत नाहीत, पण त्याला खाणाऱ्या भक्षक कोळ्यांना आणि भुंगेऱ्यांना मात्र मारतात, आणि मग फवारणीनंतर कोळी अधिकच फोफावतो. धुळकट, तहानलेली झाडे त्याला फार मानवतात; उन्हाळ्यात पाने दोन्ही बाजूंनी पाण्याने धुणे हा त्यावरचा पहिला उपाय.

पिवळ्या चिकट सापळ्यांवर पांढरी माशी आणि पंखवाला मावा अडकतो, निळ्यांवर फुलकिडे. पण सापळा हा पहारेकरी आहे. कीड कधी आली, वाढते आहे की घटते आहे, एवढे तो सांगतो. तिचा नायनाट त्याच्याने होत नाही. सापळे भाराभर टांगले तर मित्रकीटकही त्यात चिकटून मरतात.

मावा आणि मुंगी

मावा इतका झपाट्याने का वाढतो, याचे उत्तर त्याच्या जननात आहे. वर्षाचा बराच काळ माद्या नराशिवायच थेट पिल्लांना जन्म देतात, आणि उबदार हवेत ते पिल्लू आठ-दहा दिवसांत स्वतः प्रसवू लागते. झाडाच्या अन्नरसात साखर भरपूर, पण नायट्रोजन अगदी कमी. हवा तेवढा नायट्रोजन मिळवायला माव्याला खूप रस प्यावा लागतो आणि जास्तीची साखर तो मागच्या बाजूने टाकून देतो. हाच पानांवरचा चिकटा. त्यावर काळी बुरशी धरते, पाने काजळी फासल्यासारखी दिसतात. ही बुरशी पानात शिरत नाही, वरवर असते. म्हणून तिच्यावर बुरशीनाशक मारणे व्यर्थ आहे. वरच्या फांदीवरचा मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड किंवा पांढरी माशी हटली की काजळी आपोआप गळून जाते.

चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि त्याच्या बदल्यात माव्याची राखण करतात. भुंगेरे आणि परोपजीवी गांधीलमाश्यांना हुसकावून लावतात. मुंग्यांची ये-जा तोडली की कित्येकदा मावा दोन-तीन आठवड्यांत निसर्गाच्या हातूनच आटोक्यात येतो. त्यासाठी खोडावर चिकट पट्टा बांधावा. चिकट मलम सालीवर थेट कधीही लावू नये, साल जळते. आधी सालीच्या भेगांत कापूस दाबावा, त्यावर दहा सेंटीमीटर रुंद जाड कागद घट्ट गुंडाळावा आणि मलम कागदावर फासावे. पट्ट्यावर धूळ बसली की मुंग्या तिच्यावरून आरामात पलीकडे जातात, म्हणून दर पंधरा दिवसांनी तो पाहावा. भिंतीला, कुंपणाला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेली एक फांदी जरी राहिली तरी सगळी मेहनत पाण्यात जाते. वाढत्या खोडाला पट्टा काचू नये म्हणून काम झाल्यावर तो काढून टाकावा.

आमिष ठेवायचे असेल तर १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम साखर आणि ५ ते १० ग्रॅम बोरिक आम्ल विरघळवावे. मात्रा वाढवण्याचा मोह टाळावा. विष सौम्य असेल तरच कामकरी मुंगी ते वारुळापर्यंत नेते आणि राणीला भरवते. तीव्र असेल तर ती वाटेतच मरते. आमिष झाकणाला छिद्रे पाडलेल्या डबीत, मुले आणि पाळीव प्राणी पोहोचणार नाहीत अशा जागी ठेवावे.

आपलीच माणसे ओळखा

बागेत मारल्या जाणाऱ्या जीवांमध्ये मित्रकीटकांची संख्या मोठी असते, आणि त्याला निव्वळ अनोळख कारणीभूत आहे. लेडीबर्ड भुंगेरा सगळ्यांना माहीत असतो; त्याची अळी मात्र काळी, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या पिल्लासारखी दिसते आणि हमखास चिरडली जाते. पिठ्या ढेकणांचा फडशा पाडणाऱ्या क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळी तर पांढऱ्या मेणाच्या धाग्यांनी मढलेली, हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी असते. फरक चालीत आहे: ढेकूण सुस्त, अळी चपळ. पानावर केसासारख्या देठांवर उभी असलेली अंडी क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या मित्रकीटकाची. माव्याच्या वसाहतीत फुगलेले, बदामी रंगाचे, कडक झालेले मावे दिसले तर त्यांच्या आत गांधीलमाशीची अळी वाढते आहे. दहात दोन-तीन मावे असे दिसू लागले तर हात आवरावा.

या सैन्याची ताकद केवढी असते, त्याचा दाखला जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातील संत्र्याच्या बागा ऑस्ट्रेलियातून आलेल्या कापशी खवले किडीने मरणपंथाला लावल्या होत्या. १८८८ मध्ये कीटकतज्ज्ञ अल्बर्ट कोबेल यांनी किडीच्या मूळ देशातून रोडोलिया हा छोटा लाल-काळा भुंगेरा पाठवला आणि दोनेक वर्षांत कीड नगण्य झाली. पुढे १९४० च्या दशकात तिथल्या बागांत डीडीटी वापरले गेले, भुंगेरे मेले आणि तीच खवले कीड पुन्हा उसळली.

साबण, तेल, कडुनिंब

मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकणाची पिल्ले यांवर पहिला वार पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचा. पडलेला मावा बहुधा झाडावर परतत नाही. दोन-तीन दिवसांआड तीनदा एवढे केले की बरेचदा पुढे काही लागत नाही.

साबण वापरायचा तो पोटॅशियमयुक्त कीटकनाशक साबण, १ लिटर पाण्यात १० ते २० मिली. भांडी घासायचे द्रव हे साबण नसून डिटर्जंट असते. ते पानावरचे मेणाचे आवरण धुऊन काढते आणि पानांच्या कडा करपतात. पाणी जड असेल तर त्यातले कॅल्शियम साबणाला बांधून ठेवते. बादलीत पांढरी साय तरंगू लागली की तो साबण किडीसाठी संपला असे समजावे आणि पावसाचे पाणी घ्यावे. साबण ओला असेपर्यंतच मारतो, वाळल्यावर त्याचा उपयोग शून्य. म्हणून फवारणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करावी, पानाच्या खालच्या बाजूला, थेंब ओघळेपर्यंत. अंडी त्याने मरत नाहीत, तेव्हा पाच ते सात दिवसांच्या अंतराने तीन वेळा तरी करावी. आधी दोन-चार पानांवर मारून दोन दिवस थांबावे.

बागेसाठीचे शुद्ध खनिज तेल किडीच्या श्वासरंध्रांवर पातळ थर धरून तिला गुदमरवते. पाने असलेल्या झाडावर लिटरला १० ते २० मिली, आणि पंप सतत हलवत राहायचे, नाहीतर तेल वर येते. तापमान ३२ अंशांच्या वर असताना, झाड पाण्याविना मलूल असताना किंवा गंधकाच्या फवारणीनंतर महिनाभर तेल मारू नये, पाने भाजतात.

कडुनिंबाचे तेल लिटरला ५ मिली घ्यावे. आधी १-२ मिली द्रव साबण थोड्या कोमट पाण्यात कालवावा, त्यात तेल घोटून दुधासारखे करावे आणि मगच उरलेले पाणी घालावे. क्रम चुकला तर तेल वेगळे राहते आणि पंपातले शेवटचे घट्ट पाणी ज्या झाडावर पडेल ते झाड होरपळते. निंबोळी अर्क करायचा तर लिटरमागे ५० ग्रॅम निंबोळीगराची भरड रात्रभर भिजवून दुहेरी फडक्याने गाळावी, किंचित साबण घालावा आणि त्याच दिवशी वापरावी. यातले अझाडिरॅक्टिन किडीची भूक मारते आणि तिला नीट कात टाकू देत नाही. म्हणजे ते सावकाश काम करते. दुसऱ्या दिवशी किडी हलताना दिसल्या म्हणून ‘उपयोग झाला नाही’ असे ठरवणे चूक. आठवडा जाऊ द्यावा. उन्हात ते लवकर विघटित होते, तेव्हा फवारणी संध्याकाळचीच.

आणि पंपाबद्दल एक आग्रह: तणनाशकासाठी वापरलेला पंप झाडांसाठी कधीही वापरू नये. धुतल्यावरही उरलेला अंश झुडपांची पाने वेडीवाकडी करायला पुरतो.

पाने खाणाऱ्या अळ्या

निरोगी, मोठ्या झाडाची पाव हिस्सा पाने गेली तरी ते सहसा सावरते. नव्याने लावलेल्या रोपाचे तसे नसते. अंडीपुंज आणि एकत्र राहणाऱ्या लहान अळ्यांचे पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. झाड मोठे असेल तर बीटी जिवाणूची फवारणी करावी. हा जिवाणू १९०१ मध्ये जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना आजारी रेशीमकिड्यांत सापडला. अळीने तो पानासोबत खावा लागतो; तिच्या अल्कधर्मी आतड्यात त्याचे प्रथिन विरघळून विषारी होते आणि आतड्याची भिंत फोडते. अळी काही तासांत खाणे थांबवते, मरायला दोन-तीन दिवस लागतात. रस शोषणाऱ्या किडींवर याचा परिणाम नाही, कारण त्या पान चावत नाहीत. अळ्या बोटभर वाढल्यावर मारलेले बीटीही फारसे कामाचे नाही. फुलपाखरांच्या अळ्याही याने मरतात, म्हणून हवे त्याच झाडावर मारावे.

नागअळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहते, तिच्यापर्यंत वरची फवारणी पोहोचत नाही. लिंबूवर्गीय झाडांवर ती फक्त कोवळ्या पालवीवर येते. वरचेवर छाटणी आणि नत्रखत यांमुळे पालवी सतत फुटत राहते आणि अळीला वर्षभर मेजवानी मिळते. छाटणी कमी करणे हाच तिथला उपाय.

नत्राचा अतिरेक माव्यालाही आवडतो. लुसलुशीत, रसाळ फूट त्याच्यासाठी वाढून ठेवलेले ताट असते. खत थोडे आणि हळूहळू लागू होणारे द्यावे.

झाडाच्या आतून पसरणारी कीटकनाशके मुळाशी ओतणे सोपे वाटते. पण इमिडाक्लोप्रिडसारखे औषध परागात आणि मधातही उतरते. त्याच्यासह निओनिकोटिनॉइड गटातल्या तीन कीटकनाशकांच्या उघड्यावरील वापरावर युरोपीय संघाने २०१८ मध्ये बंदी घातली, ती मधमाश्यांच्याच कारणाने. फुलणाऱ्या झुडपांना ते देऊ नये, हे आमचे स्पष्ट मत.

खोडकिडा

सर्वांत मोठे नुकसान हाच करतो, आणि बहुधा आधीच खंगलेल्या झाडाला गाठतो. पाण्याचा ताण, गवत कापताना खोडाला झालेली जखम, सालीशी रचलेली ओली माती ही त्याची निमंत्रणे. पालापाचोळ्याचे आच्छादन पाच ते सात सेंटीमीटर जाड असावे आणि खोडापासून वीतभर दूर राहावे. पाणी खोडाशी न देता फांद्यांच्या घेराखाली, क्वचित पण खोलवर द्यावे.

छिद्रातून भुसा किंवा डिंक दिसला की आधी तो खरवडून जागा स्वच्छ करावी. मग लवचीक तार बोगद्याच्या वळणाने हळूहळू आत सारावी. टोकाला मऊ अडथळा लागून ओल आली म्हणजे अळी टोचली गेली. बोगदा मध्येच वळतो, त्यामुळे तार अडकली म्हणून तिथेच थांबू नये, फिरवून पुन्हा घालावी. नंतर छिद्र ओल्या चिकणमातीने गच्च बंद करावे आणि शेजारी खडूने खूण करावी. बारीक फांदी पोखरली असेल तर ती बोगद्याच्या खाली, निरोगी लाकडात कापून जाळून टाकणे बरे. खूण केलेल्या जागा आठ दिवसांनी पाहाव्यात. माती ढकलून ताजा भुसा बाहेर आला असेल तर अळी जिवंत आहे. तार पुन्हा घालावी.