लाइनमनचं हृदय कॉलेजातच बदलू लागतं

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्याच्या हाती क्वचितच येतो, तरीही ज्याच्याशिवाय एकही चाल पुढे सरकत नाही, तो खेळाडू म्हणजे लाइनमन. अंगावर धावून येणाऱ्या आपल्याएवढ्याच अवजड माणसाला रोखून धरायचं, हे त्याचं काम. या कामात लॅरी ॲलनची गणना सर्वश्रेष्ठांमध्ये होते. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टन भागात वाढलेला हा मुलगा आधी उत्तर कॅलिफोर्नियातल्या बुट कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजात खेळला. तिथली पदवी पूर्ण झाली नाही, म्हणून मोठ्या विद्यापीठांऐवजी सोनोमा स्टेट हे छोटं विद्यापीठ त्याच्या वाट्याला आलं. तिथून 1994 मध्ये डॅलस काउबॉइजने त्याला थेट व्यावसायिक संघात घेतलं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यू ऑर्लीन्सविरुद्धच्या सामन्यात प्रतिस्पर्धी डॅरियन कॉनरने डॅलसचा पास मध्येच पकडला आणि तो मोकळ्या मैदानात सुसाट सुटला. जवळपास 147 किलोच्या ॲलनने त्याच्या मागे धावत जाऊन त्याला गाठलं आणि खाली पाडलं. इतकं वजन आणि इतका वेग एकाच देहात असणं फार दुर्मीळ. पुढे बेंच प्रेसवर, म्हणजे बाकावर उताणं पडून वजन वर ढकलण्याच्या व्यायामात, त्याने सुमारे 317 किलो उचलल्याची नोंद आहे. 2013 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, त्याचा समावेश झाला, आणि 2024 च्या जूनमध्ये, वयाच्या 52 व्या वर्षी, तो गेला.

एका माणसाच्या मृत्यूवरून लाइनमनच्या तब्येतीबद्दल शास्त्रात निष्कर्ष काढत नाहीत, त्यासाठी शेकडो खेळाडू तपासावे लागतात. ते काम झालं आहे, आणि मला त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा वाटतो. हार्वर्डशी संबंधित डॉक्टरांनी 113 नवख्या खेळाडूंचा रक्तदाब आणि हृदय एका हंगामाआधी आणि नंतर तपासलं. हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. हंगाम संपेपर्यंत 47 टक्के खेळाडूंचा रक्तदाब सीमारेषेवर आला होता आणि 14 टक्क्यांचा उच्च रक्तदाबाच्या पहिल्या टप्प्यात. लाइनमनच्या हृदयात वेगळाच बदल दिसला: डाव्या कप्प्याची भिंत जाड होत होती. सतत जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलणाऱ्या हृदयात हेच होतं. लांब पल्ल्याच्या धावपटूचं हृदयही वाढतं, पण त्याचा कप्पा मोठा होतो, तो जास्त रक्त सामावून घेतो. जाड भिंतीचं हृदय मात्र ताठर होत जाण्याचा धोका असतो.

मेंदूची गोष्टही साठत जाणाऱ्या धक्क्यांचीच आहे. लाइनमन हात जमिनीला टेकवून, वाकून सज्ज होतो आणि चाल सुरू होताच हातभर अंतरावरच्या माणसावर आदळतो. यातल्या बहुतेक धडकांनी भोवळही येत नाही, म्हणून त्या कुणी मोजत नाही. 2023 मध्ये 631 मृत फुटबॉलपटूंच्या मेंदूंवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सीटीई या मेंदूविकाराचा संबंध निदान झालेल्या कन्कशनच्या, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला बसलेल्या हादऱ्यांच्या, संख्येशी नव्हे, तर डोक्यावर आयुष्यभरात साचलेल्या एकूण धक्क्यांशी आढळला. दान केलेल्या मेंदूंमध्ये लक्षणं असलेल्यांचं प्रमाण जास्त असतं, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

चित्र सरसकट काळं नाही. 2012 च्या एका सरकारी अभ्यासात निवृत्त व्यावसायिक खेळाडूंचा एकूण मृत्युदर सामान्य पुरुषांपेक्षा कमीच निघाला. अपवाद बचाव फळीतल्या लाइनमनचा: हृदयविकाराने होणारे मृत्यू त्यांच्यात जास्त होते. वजन हाच इथला कळीचा मुद्दा. खेळताना दिवसाला पाच-सहा हजार कॅलरी पोटात जातात. सराव थांबतो, भूक थांबत नाही. काहींनी मात्र हे वजन जिद्दीने उतरवलं. पिट्सबर्ग स्टीलर्सचा माजी लाइनमन ॲलन फॅनेका निवृत्तीनंतर सुमारे 45 किलोंनी हलका झाला आणि 2014 मध्ये न्यू ऑर्लीन्सची मॅरेथॉन चार तासांच्या आत धावला.

फॅनेका व्यावसायिक होता, त्याच्या मागे डॉक्टर होते, पैसा होता. ज्युनिअर कॉलेजात दोन हंगाम खेळून विसाव्या वर्षी थांबणाऱ्या मुलाकडे यातलं काही नसतं. तो वजन घेऊन नोकरीला लागतो, आणि त्याचा रक्तदाब कुणी पाहत नाही. मेंदूतला सीटीई आज तरी मृत्यूनंतरच खात्रीने ओळखता येतो. रक्तदाब मात्र कुठल्याही दवाखान्यात दोन मिनिटांत मोजता येतो, आणि वेळीच लक्षात आला तर वजन, आहार आणि औषधांनी आटोक्यात ठेवता येतो.