कावीळ उतरते, खडा तिथेच

कोकणात कावीळ झाली की अनेक घरांत आधी ती ‘उतरवून’ घेतात, डॉक्टर नंतर. हाताला कसलासा रस चोळायचा, चुन्याच्या निवळीत हात धुवायचे, पाणी पिवळंधमक झालं की कावीळ निघाली! रस असतो आंब्याच्या झाडाच्या सालीचा, पिवळा रंग येतो तो चुन्यामुळे. धडधाकट माणसाचे हात धुतले तरी येईल.

विषाणूंची कावीळ बहुधा आपोआप बरी होते, श्रेय त्या पाण्याला. पण पित्ताशयातला खडा निसटून पित्तनलिकेत अडकला तर? तो कधी जरा सरकतो, पित्ताला वाट मिळते, डोळे निवळतात. श्रेय पुन्हा पाण्यालाच. मग खडा परत अडकतो. लघवी गडद, शौचाला पांढुरकी, अंगाला खाज. त्यात थंडी वाजून ताप आला तर नलिकेत जंतुसंसर्ग झाला असं समजावं. तेव्हा एक दिवसही दवडू नये.

हा खडा काढतात ईआरसीपी या दुर्बिणीच्या तंत्राने, आणि ही करामत मला फार आवडते. दुर्बीण तोंडातून, जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचते. नेहमीची दुर्बीण समोर बघते, ही बाजूला. कारण पित्तनलिकेचं तोंड आतड्याच्या भिंतीत असतं. तिथे ओडीचा स्नायू वळ्यासारखा आवळलेला. दुर्बिणीच्या टोकाची इवलीशी तरफ बारीक नळी वर उचलते, नळी तोंडात शिरते, रंगद्रव्य सोडलं की एक्स-रेच्या पडद्यावर खडा दिसतो. मग नळीतली तार धनुष्यासारखी ताणून, तिच्यात वीज सोडून स्नायूला काही मिलिमीटरचा छेद देतात. या छेदाचे पहिले अहवाल 1974 साली जर्मनीतून आणि जपानमधून प्रसिद्ध झाले. पुढे फुगा खड्याच्या पलीकडे नेऊन फुगवायचा आणि ओढायचा. खडा आतड्यात पडतो, शौचावाटे जातो. मोठा असेल तर आधी चुरडतात.

छेदाआधी रक्त गोठण्याची तपासणी करतात. पित्त आतड्यात पोचलं नाही तर के जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त लवकर गोठत नाही. मग त्याचं इंजेक्शन देतात. स्वादुपिंडाची नळीही तिथेच उघडते, त्यामुळे शंभरातल्या काहींना नंतर स्वादुपिंडाला सूज येते.

एवढं करून पित्ताशय तसंच ठेवलं तर नवा खडा खाली उतरू शकतो. म्हणून प्रकृती झेपणारी असेल तर शक्यतो त्याच मुक्कामात तेही काढून टाकतात, पोटाच्या भिंतीतून घातलेल्या दुसऱ्या दुर्बिणीने.