चांदीवरचे सोने सुटत का नाही?

लग्नसराई आली की नागपूरच्या इतवारी आणि गांधीबागेतील कापडाच्या दुकानांबाहेर ‘शुद्ध सोन्याची जर’ असे फलक झळकू लागतात. असाच एक फलक वाचून घरी परतल्यावर मी आजीचा शालू बाहेर काढला. पदराजवळ उसवलेला जरीचा एक धागा सोनाराच्या भिंगाखाली धरला, तेव्हा आत पिवळा रेशमी दोरा दिसला आणि त्याच्याभोवती, भोवऱ्यावर जाळी गुंडाळावी तशी, केसाहून पातळ अशी चपटी पट्टी वेढे घेत गेलेली दिसली. जिथे ती पट्टी घासली गेली होती, तिथे ती पांढरी होती.

अस्सल जरीचा धातू हा असा चांदीचा असतो आणि सोन्याचा त्यावर केवळ मुलामा असतो. वजनाने पाहिले तर सोने जेमतेम एक टक्क्याच्या आसपास भरते. ‘शुद्ध सोन्याची जर’ हे शब्द म्हणूनच गिऱ्हाइकाची दिशाभूल करणारे आहेत. परंतु मला खरे कुतूहल आहे ते त्या एक टक्क्याचे.

सुरतेतील जुन्या पद्धतीत चांदीची कांडी घासून स्वच्छ करीत, तिच्यावर सोन्याचा पातळ पत्रा गुंडाळून ती तापवीत आणि मग जंतरातून, म्हणजे उतरत्या मापाची छिद्रे असलेल्या पोलादी पट्टीतून, ओढत नेत. समजा, कांडीचा व्यास २० मिलिमीटर आहे आणि सोन्याच्या थराची जाडी १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग आहे. तार ०.१ मिलिमीटर व्यासाची होईपर्यंत ओढली, तर व्यास २०० पटींनी घटतो. धातूचे आकारमान मात्र तेवढेच राहते, त्यामुळे लांबी २०० च्या वर्गाने, म्हणजे ४०,००० पटींनी वाढते. कांडीच्या एका सेंटीमीटरातून ४०० मीटर तार निघते. या ओढाताणीत सोन्याचा थरही व्यासाच्याच प्रमाणात, २०० पटींनी पातळ होतो आणि ०.०५ मायक्रॉनवर येतो. अणूंच्या हिशेबात मांडायचे तर एकावर एक रचलेले सुमारे दोनशे थर उरतात, आणि तरीही तार सोनेरीच दिसते.

एवढे ताणूनही सोने चांदीवरून सुटत का नाही, याचे उत्तर स्फटिकांच्या रचनेत आहे. दोन्ही धातूंचे अणू एकाच प्रकारच्या घनाकृती जाळीत बसलेले असतात. सोन्यातील त्या घनाची बाजू ०.४०८ नॅनोमीटर, तर चांदीतील ०.४०९ नॅनोमीटर असते. एका जाळीवर दुसरी जवळजवळ बिनचूक बसते आणि छिद्रातून जाताना दोन्हींच्या अणूंचे थर सारख्याच दिशांनी घसरू शकतात. ओढून ओढून तार कडक झाली की तिला पुन्हा तापवून मऊ करावे लागते, पण इथेच कारागिराची कसोटी लागते. सोने आणि चांदी हवे त्या प्रमाणात एकमेकांत मिसळतात, त्यामुळे तार गरजेपेक्षा जास्त तापली तर वरचे सोने चांदीत मुरते आणि रंग फिका पडतो. आता बहुतेक ठिकाणी चांदीची किंवा तांब्याची तार आधी तयार करून मुलामा शेवटी विजेच्या साहाय्याने चढवतात. स्वस्त जरीत तर धातूची वाफ बसवलेली प्लॅस्टिकची पट्टीच असते.

हा थर इतका पातळ असल्यामुळे त्यात सूक्ष्म छिद्रे राहतात, त्यांतून हवेतील गंधकयुक्त वायू चांदीपर्यंत पोहोचतात आणि काळे सिल्व्हर सल्फाइड तयार होते. दमट हवेत ही क्रिया वेगाने होते. जर काळी पडली की नजर लागली किंवा विटाळ झाला असे म्हणणारे लोक आजही भेटतात, आणि त्याचा ठपका बहुधा घरातल्या एखाद्या बाईवर येतो. हा निव्वळ अन्याय आहे. शालूजवळ ठेवलेल्या रबराच्या वस्तूतला गंधकसुद्धा एवढे काम करू शकतो.

तार चपटी केली की तिला बादला म्हणतात, आणि तो रेशमावर गुंडाळला की विणता येण्याजोगी जर होते. जरदोजीची, म्हणजे जरीच्या भरतकामाची, गोष्ट थोडी वेगळी आहे. फारसीत ‘जर’ म्हणजे सोने आणि ‘दोजी’ म्हणजे शिवण. कापडातून धातूची पट्टीच ओवणाऱ्या लखनौच्या मुकैशकामासारखे अपवाद सोडले, तर धातू सहसा कापडातून आरपार नेत नाहीत, कारण कापड कातरते आणि मुलामा खरवडला जातो. कारचोबावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, कापड ताणून बसवतात, जर पृष्ठभागावर अंथरतात आणि साध्या दोऱ्याच्या बारीक टाक्यांनी जखडतात. दबक्यासाठी तार बारीक सळईवर गुंडाळून स्प्रिंग करतात, तिचे कात्रीने तुकडे करतात आणि ते मण्यांसारखे सुईत ओवून टाचतात. सरळ तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकली तर तुटते. स्प्रिंगमध्ये तोच बाक सगळ्या वेढ्यांत वाटला जातो. शेरवानीच्या गळ्यावरची वेल मान वळताना दुमडते, तेव्हा दबक्याचा प्रत्येक वेढा किंचित उघडतो आणि पुन्हा मिटतो.