वावर विकल्याशिवाय परदेशात आर्किटेक्चर शिकता येत नाही?

भंडारा-गोंदियाकडच्या गावांत हे वर्षानुवर्षं ऐकतो आहे. पोरीनं बी.आर्क.नंतर (आर्किटेक्चरची पदवी) लँडस्केपसाठी, म्हणजे मोकळ्या जागा, झाडं, पाणी यांची आखणी शिकायला, जर्मनीचं नाव काढलं की पारावर कोणीतरी म्हणतंच, "दोन एकर गेलं समजा." हे खरं नाही.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. अपवाद आहेत: बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो लागतात. खरा भार राहण्याखाण्याचा. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो (२०२४ चा आकडा) 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) दाखवावे लागतात, पण ती फी नव्हे. तेच पैसे दरमहा आपल्याच हाती येतात. शिवाय 'डाड' (DAAD) या जर्मनीच्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची आर्किटेक्चर-लँडस्केपच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, तिच्या अटी दरवर्षी नीट वाचा.

आणि पोर्टफोलिओ, म्हणजे प्रवेशासाठी दाखवायचा आपल्या कामाचा संग्रह! त्याला महागडा क्लास लागत नाही. आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ, सांडवा, खालची धानाची बांधी, पाणी कुठून कुठे जातं, हे स्वतः मोजून कागदावर उतरवा. अशी पानं मुंबईच्या मुलाकडे नसतात.

परतल्यावर मात्र 'आर्किटेक्ट' म्हणवायला १९७२ च्या कायद्यानुसार वास्तुकला परिषदेची नोंदणी लागते. बी.आर्क. इथलंच असेल तर ती आधीच करून ठेवा.