योनीमार्ग काढणं आणि योनीमार्ग बंद करणं

बोलताना आपण ‘योनी’ म्हणतो तेव्हा बाहेरून दिसणारं सगळंच त्यात धरतो. डॉक्टर मात्र बाहेरच्या भागाला भग म्हणतात. योनीमार्ग म्हणजे आतली नळी, योनीमुखापासून गर्भाशयाच्या मुखापर्यंत जाणारी, साधारण ७ ते १० सेंटिमीटर लांबीची. पुढे सांगितलेल्या दोन्ही शस्त्रक्रिया या नळीच्या आहेत. भगाचे ओठ आणि शिश्निका (क्लिटोरिस) त्यात काढत नाहीत. भग काढण्याची शस्त्रक्रिया निराळी आहे आणि तिचं नावही निराळं, व्हल्व्हेक्टॉमी.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करू. ‘खालून पिशवी काढली’ असं कुणी सांगितलं, तर त्या बाईची गर्भपिशवी योनीमार्गातून बाहेर काढलेली असते. तिथे योनीमार्ग ही फक्त वाट. काम झालं की वरचं टोक टाके घालून बंद करतात आणि नळी जागेवरच राहते. इथे तिचा विषय एवढ्यापुरताच.

खरा घोळ होतो तो व्हजायनेक्टॉमी आणि कोल्पोक्लायसिस या दोन शब्दांत. व्हजायनेक्टॉमीलाच कोल्पेक्टॉमी असंही म्हणतात. ग्रीक ‘कोल्पोस’ म्हणजे पोकळी किंवा घडी, ‘क्लाइसिस’ म्हणजे बंद करणं आणि ‘एक्टोमे’ म्हणजे कापून काढणं. लॅटिन ‘व्हजायना’ म्हणजे म्यान. म्हणजे एका शस्त्रक्रियेत म्यान काढतात, दुसरीत ते शिवून टाकतात. कागदावर फरक इतका सरळ दिसतो. टेबलावर तो तसा राहत नाही.

शिवण्याची शस्त्रक्रिया समजायला सोपी, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. ती बहुतेक वेळा वयस्कर बायकांवर होते. तक्रार असते ‘अंग बाहेर येतं’ ही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि बंध सैल पडतात, गर्भाशय, मूत्राशय किंवा गुदाशय योनीमार्गात ढळतं आणि मुखाशी गोळा लागतो. आधाराची रिंग बसवून काम भागलं नाही, दुरुस्तीची मोठी शस्त्रक्रिया झेपणार नाही आणि पुढे योनीतून संबंध ठेवायचे नाहीत हे त्या बाईचं स्वतःचं ठाम सांगणं असेल, तर नळीच बंद करण्याचा पर्याय पुढे येतो. तिचं सांगणं महत्त्वाचं, कारण तो पर्याय परतीचा नाही. ‘आता या वयात काय’ असं मुलाने किंवा सुनेने तिच्या वतीने ठरवून टाकणं चुकीचंच.

१८७७ साली फ्रेंच शल्यचिकित्सक लेऑन ल फोर यांनी जी पद्धत सांगितली, ती आजही त्यांच्या नावाने चालते. योनीमार्गाच्या पुढच्या आणि मागच्या भिंतीवरचं अस्तर आयताकार पट्ट्यांत सोलून काढायचं आणि उघड्या झालेल्या दोन्ही भिंती एकमेकींना शिवून टाकायच्या. मध्ये घट्ट पडदा तयार होतो आणि ढळलेले अवयव त्याच्या वर अडून राहतात. दोन्ही कडांना अस्तर शाबूत ठेवतात, त्यामुळे डावी-उजवीकडे दोन अरुंद बोगदे उरतात. ते मुद्दाम ठेवलेले असतात. गर्भाशय आतच असतं, त्याचा स्राव बाहेर यायला वाट हवी. शस्त्रक्रिया तुलनेने लहान असते, ती पाठीतल्या भुलीवर होऊ शकते आणि अंग पुन्हा बाहेर न येण्याचं यश ९० टक्क्यांहून जास्त आहे. लघवीची नळी तशीच राहते. मात्र अंग बाहेर आल्यामुळे मूत्रमार्ग दुमडून जी गळती दबलेली असते, ती नंतर डोकं वर काढू शकते. म्हणून अशा गळतीची चाचणी आधीच करून घेतात.

गर्भाशयाचं मुख नंतर सहज तपासता येणार नाही, हेही आधीच लक्षात घ्यावं लागतं. त्यासाठी पॅप तपासणी (मुखाच्या पेशींची तपासणी) आणि गर्भाशयाच्या अस्तराची पाहणी शस्त्रक्रियेपूर्वी उरकतात.

ज्यांची पिशवी पूर्वीच काढली आहे आणि आता योनीमार्गाचं वरचं टोकच खाली उतरलं आहे, त्यांच्या बाबतीत बोगद्यांची गरज नसते. मग अस्तर जवळजवळ पूर्ण सोलतात आणि नळी तळापासून मुखापर्यंत मिटवतात. एक डॉक्टर याला संपूर्ण कोल्पोक्लायसिस लिहितो, दुसरा कोल्पेक्टॉमी. हात तोच, टाके तेच. घोळ सुरू होतो तो इथे.

आता काढण्याची बाजू. कर्करोगात लक्ष्य ती भिंतच असते. योनीमार्गात सुरू होणारा कर्करोग दुर्मीळ आहे, स्त्री-जननेंद्रियांच्या कर्करोगांत त्याचा वाटा १ ते २ टक्के. मोठा भाग एचपीव्ही या विषाणूशी जोडलेला. बहुतेकांना किरणोपचार देतात. शस्त्रक्रिया निवडतात ती गाठ लहान, वरच्या भागात आणि सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर, किंवा किरणोपचारानंतर रोग परत आला तर. त्यातही सगळी नळी जातेच असं नाही. केवळ वरचा तुकडा निघू शकतो, पूर्ण नळी निघू शकते किंवा तिच्या भोवतालच्या ऊतींसकट सगळं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात गर्भाशयाबरोबर योनीमार्गाचा वरचा काही भाग काढतात, तोही याच नावाचा एक लहान प्रकार म्हणायचा. कर्करोगाच्या आधीचे बदल असतील तर लेझर किंवा लावायचं औषध यांवरही भागतं.

इथे काढणं म्हणजे भिंतीची पूर्ण जाडी, निरोगी कडेसकट. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय, दोन्ही चिकटून, आणि बाजूला शिरांचं दाट जाळं. रक्तस्राव आणि शेजारच्या अवयवांना इजा हे धोके त्या जागेतूनच येतात. गंमत अशी की, काढल्यावर नळी बंदच राहते असंही नाही. मांडीच्या किंवा पोटाच्या स्नायूचा भाग फिरवून नवा योनीमार्ग घडवता येतो. १९७१ साली बोस्टनमधल्या डॉक्टरांनी तरुण मुलींमधल्या एका विरळ योनी-कर्करोगाचं नातं जोडलं ते त्यांच्या आयांनी गरोदरपणी घेतलेल्या डीईएस या संप्रेरकाशी. अशा वयात नळी गेल्यावर पुढे काय, हा प्रश्न किती मोठा होता ते सांगायला नको. ‘काढणं’ आणि ‘बंद होणं’ एकच नाही, हे इथे नीट दिसतं.

तिसरा प्रसंग लिंगभाव-पुष्टीचा, म्हणजे शरीर स्वतःच्या लिंगभावाशी जुळवून घेण्याचा. ट्रान्स पुरुषांपैकी आणि जन्माच्या वेळी स्त्री ठरवलेल्या नॉन-बायनरी (स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणाऱ्या) व्यक्तींपैकी काही जण ही शस्त्रक्रिया करून घेतात. सगळे नाही. कुणाला फक्त गर्भाशय काढायचं असतं, कुणाला काहीच नाही, आणि त्यावरून कुणाचं पुरुषपण मोजायचं नसतं. ज्यांना हवी असते, त्यांच्यात कारण कधी त्या अवयवाचं असणंच सोसत नाही हे असतं, कधी पुढच्या शस्त्रक्रियेची गरज. लिंगरचनेत, म्हणजे शिश्न घडवण्याच्या शस्त्रक्रियेत, मूत्रमार्ग लांबवायचा असेल, तर योनीमार्ग काढल्याने जुन्या-नव्या मूत्रमार्गाच्या जोडाजवळ भोक पडून लघवी गळण्याचा धोका कमी होतो. पुढच्या भिंतीच्या अस्तराचा तुकडा त्या नव्या मूत्रमार्गासाठीच वापरता येतो. जे टाकून द्यायचं, त्यातलंच थोडं कामी येतं!

आणि ही शस्त्रक्रिया नेमकी करतात कशी? अस्तर सोलून किंवा विजेने जाळून नष्ट करतात, उरलेल्या स्नायूच्या भिंती एकमेकींना शिवतात आणि पोकळी मिटते. नाव काढण्याचं, पण अर्धं काम मिटवण्याचं. ल फोरपासून ती वेगळी ठरते बोगद्यांमुळे. इथे पूर्ण मिटवायचं असतं, म्हणून गर्भाशय आणि त्याचं मुख आधी किंवा त्याच वेळी काढावं लागतं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेतल्याने पाळी बहुधा थांबते, पण ‘बहुधा’च्या भरवशावर वाट बुजवता येत नाही. अस्तराचा एखादा तुकडा आत राहिला तर तो स्रवत राहतो आणि द्रवाची गाठ धरते किंवा तो कुठून तरी बाहेर वाट काढतो. म्हणून सोलण्याचं काम वेळखाऊ आणि रक्ताळ असतं. कोल्पोक्लायसिसच्या मानाने ही जड शस्त्रक्रिया, आणि वयाने तरुण माणसावर होणारी. शिश्निका आणि तिच्या नसा दोन्हींकडे राहतात, त्यामुळे कामसुखाची वाट बंद होत नाही. योनीतून संभोगाची होते.

त्यामुळे डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘कोल्पेक्टॉमी’ असेल, तर त्यावरून फारसं कळत नाही. अस्तर गेलं की पूर्ण भिंत, गर्भाशय आणि त्याचं मुख आत आहे की नाही, बोगदे ठेवलेत का, हे शस्त्रक्रियेच्या तपशिलाच्या पानावर असतं. ते पान मागून घ्यावं आणि जपून ठेवावं. मुख काढलेलं असेल तर त्याच्या तपासणीचा विषय साधारणपणे संपतो, पण आधी तिथे कर्करोगपूर्व बदल सापडलेले असतील तर संपत नाही. आणि ल फोर झालेल्या आजींना चार वर्षांनी कपड्यावर रक्ताचा डाग दिसला, तर ते रक्त त्या दोन बोगद्यांतून आलेलं असू शकतं, म्हणजे गर्भाशयातून. त्याची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी.