प्रेशर स्विच ‘खराब’ म्हणून परत पाठवण्याआधी

‘पंप सारखा चालू-बंद होतोय, स्विच बदलून द्या.’ अशी चिठ्ठी लावलेले प्रेशर स्विच, म्हणजे पाण्याच्या दाबाप्रमाणे पंप चालू-बंद करणारे स्विच, आमच्या कारखान्यात नेहमी परत येतात. टेस्ट बेंचवर लावून दाब वाढवला की टक् करून बंद, उतरवला की टक् करून चालू. बहुतेकांत गडबड एवढीच, की स्विचमधला लहान नट कोणीतरी पार खालपर्यंत पिळलेला असतो.

पाण्याचा दाब खालून रबराच्या पडद्यावर येतो आणि वरून मोठी स्प्रिंग त्याला दाबून धरते. दाब स्प्रिंगला भारी पडला की कॉन्टॅक्ट उघडतात. ते सावकाश उघडले तर फटीत ठिणगी रेंगाळते आणि कॉन्टॅक्ट जळतात. म्हणून आतली पट्टी ठरावीक जागेपुढे सरकली की एका झटक्यात उलटते. तो ‘टक्’ तिचाच. स्वस्तातल्या स्विचमध्ये हा झटका मिळमिळीत असतो, हातातच कळतं.

मोठा नट कट-इन (पंप चालू होतो तो दाब) आणि कट-आऊट (बंद होतो तो दाब) दोन्ही एकदम वर-खाली नेतो. लहान नटाने फक्त कट-आऊट हलतो. आमचा पाण्याच्या पंपाचा स्विच ३० पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं माप) चालू, ५० ला बंद असा लावून निघतो. लहान नट आवळत गेलात की कट-आऊट ६०-७० वर जातो, पंपाला तेवढा दाब गाठताच येत नाही आणि मोटर चालूच राहते. मग दुसरा फोन : ‘आता बंदच होत नाही!’

खरं दुखणं बहुधा पंपाला जोडलेल्या, हवा भरलेल्या बंद प्रेशर टाकीत असतं. पाणी दाबलं जात नाही, दबते ती टाकीतली हवा. ती कमी झाली की नळ जरा उघडताच दाब धाडकन ३० वर येतो, पंप सुरू होतो आणि क्षणात ५० गाठून थांबतो. स्विच बिचारा सांगितलेलंच करत असतो.

तेव्हा पाना हातात घेण्याआधी विजेचा मेन स्विच बंद करा, नळ सोडून टाकीतलं सगळं पाणी जाऊ द्या आणि मग टाकीच्या व्हॉल्व्हला टायरचा गेज लावा. हवा कट-इनपेक्षा २ पीएसआय कमी हवी, म्हणजे आमच्या सेटिंगला २८. पाणी न काढता मोजलंत तर गेज पाण्याचाच दाब दाखवेल. व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर पाणी आलं, तर टाकीत हवा आणि पाणी वेगळं ठेवणारं रबर फाटलंय. तिथे नवा स्विच लावूनही काही होणार नाही.

हवा ठीक असेल तर स्विचचं खालचं भोक बघा. टेफ्लॉन टेपचा एखादा धागा तिथे अडकलेला हमखास सापडतो.

नटावरचा लाल रंगाचा ठिपका तुटलेला असेल तर आम्ही स्विच बदलून देत नाही. यावरून काही जण रागावतात. पण नट हलला की कारखान्यातली सेटिंग गेली, आणि मग दोष कुणाचा हे सांगायला दुसरी खूण उरत नाही. सेटिंग मात्र पुन्हा लावून देतो.

ऑर्डर देतानाच कट-इन, कट-आऊट आणि मोटरचे अँपिअर कळवा, तसाच लावून पाठवतो. मोटर मोठी असेल तर आम्ही होऊन कॉन्टॅक्टर (मोटरचा करंट स्वतःवर घेणारा वेगळा विजेचा स्विच) सुचवतो, म्हणजे प्रेशर स्विचवर लोड येत नाही. गेजही सोबत मिळतो.

परत पाठवायचाच असेल तर चिठ्ठीवर टाकीतल्या हवेचा आकडा लिहा. तो नसेल तर आम्ही स्विच उघडण्याआधी तुम्हालाच फोन करतो.